‘टीचर, आज काय शिकवलं?’ : सिंगापूरच्या बालवाडीतून आलेली तीन पत्रं

सिंगापूरमध्ये प्रीस्कूलला शिकवणाऱ्या मराठी मैत्रिणींनी आपले प्रश्न पाठवा असं गेल्या वेळी म्हटलं होतं. भरपूर पत्रं आली, आणि गंमत म्हणजे मुलांबद्दलची तक्रार एकातही नाही, सगळा त्रास पालकांचा. मी स्वतः तिथे चौदा वर्षं शिकवलंय त्यामुळे एकेक पत्र वाचताना तो गेट, ती सहा वाजताची गर्दी, सगळं डोळ्यासमोर आलं. त्यातली तीन पत्रं घेतेय, पहिल्याला जरा जास्त जागा लागलीय.

प्रश्न : ताई, मी पुंगोलला एका प्रीस्कूलमध्ये के-टूच्या, म्हणजे बालवाडीच्या शेवटच्या वर्षाच्या, वर्गाला शिकवते, डिप्लोमा होऊन दीड वर्ष झालं. मुलांशी माझं मस्त जमतं. एका आईशी मात्र काही केल्या जमत नाहीये. तिचा मुलगा सहा वर्षांचा आहे, जानेवारीत पी-वनला, म्हणजे पहिलीला जाणार. रोज रात्री साडेदहाच्या सुमाराला तिचा मेसेज येतो, आज किती शब्द झाले, स्पेलिंग का देत नाही, याचा मावसभाऊ दुसऱ्या सेंटरला जातो तो आत्ताच अख्खा परिच्छेद लिहितो आणि हा नुसता खेळून घरी येतो. मुलाला घ्यायला आजी येते, ती आधी गेटवरच बॅग उघडते, फाइल चाळते, नवीन कागद दिसला नाही की माझ्याकडे बघून मान हलवते आणि मगच त्याचा हात धरते. प्रिन्सिपल म्हणते दे ना दोन वर्कशीट, कशाला वाद. आणि मुलगा हल्ली लिहायला बसला की एक अक्षर काढतो, खोडतो, परत काढतो, परत खोडतो, परवा कागदाला भोक पडलं आणि तो रडायला लागला. मला कळत नाही माझं काय चुकतंय. मी बाहेरची आहे म्हणून हे चाललंय का? (के-टू टीचर, पुंगोल)

उत्तर : अगं, आधी त्या भोक पडलेल्या कागदाबद्दल बोलू. तुझ्या पत्रात ती ओळ शेवटी आलीय पण माझ्या मते सगळं तिथेच आहे. सहा वर्षांचं पोर स्वतःहून इतकं खोडत नाही, कुठेतरी कुणीतरी ‘हे चुकलं, परत काढ’ असं त्याला खूप वेळा म्हटलेलं असतं. माझा अंदाज असा की घरी संध्याकाळी असेसमेंट बुक, म्हणजे परीक्षेच्या सरावाचं पुस्तक, चालू झालंय. तुझ्याकडे येणारी भीती आणि त्याच्या हातात उतरलेली भीती एकच आहे गं, आईची. ती दोन दिशांनी बाहेर पडतेय इतकंच.

आता ही भीती कुठून येते ते समजून घे. ‘कियासू’ हा शब्द तू रोज ऐकत असशील, होक्कियन शब्द आहे, हरायची धास्ती असा त्याचा अर्थ. आपण टीचर मंडळी स्टाफरूममध्ये तो सहज वापरतो, ती ना, फार कियासू मदर आहे, झालं, एकदा तो शिक्का मारला की त्या बाईचं पुढचं काही आपल्याला ऐकूच येत नाही. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. माझ्या तिसऱ्या वर्षी एक बाबा होते, दर शुक्रवारी विचारायचे या आठवड्यात किती शब्द. मी त्यांना खेळातून शिकणं कसं चांगलं यावरचे लेख प्रिंट काढून दिले, चांगली आठ पानं. त्यांनी थँक्यू म्हणून घेतले, त्यानंतर माझ्याशी बोलणंच बंद केलं आणि थेट प्रिन्सिपलकडे तक्रार केली. वर्षाच्या शेवटी मुलीचा पोर्टफोलिओ बघताना कसं कोण जाणे ते बोलते झाले. म्हणाले, मी ईएम-थ्रीमध्ये होतो, माझ्या आईने कित्येक महिने नातेवाइकांना सांगितलं नव्हतं.

हे ईएम-थ्री काय ते तुला माहीत असायलाच हवं, कारण आज के-टूच्या गेटवर उभे असलेले बरेच आईबाबा त्यातून गेलेत. १९७९ च्या, शिक्षणावरच्या सरकारी गोह अहवालानंतर सिंगापूरने मुलांना प्राथमिक शाळेतच वेगवेगळ्या प्रवाहांत टाकायला सुरुवात केली, आधी तिसरीच्या शेवटी, मग १९९२ पासून चौथीच्या शेवटी, ईएम-वन, ईएम-टू आणि सगळ्यात खालचा ईएम-थ्री. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला कळायचं की आपण खालच्या वर्गातले. २००८ मध्ये ते बंद झालं, पण आज पस्तीस-चाळिशीत असलेल्या माणसाच्या मनातून ते कसं बंद होणार? तो जेव्हा विचारतो ना की किती शब्द झाले, तेव्हा माझ्या मुलीचं माझ्यासारखं होणार नाही ना, एवढंच विचारत असतो. मी त्याला आठ पानं वाचायला दिली होती, आजही आठवलं की वाईट वाटतं.

बरं आता बदललंय का? खूप बदललंय. २०१९ पासून पी-वन आणि पी-टूला परीक्षाच नाहीत. पण सहावीच्या शेवटी पीएसएलई, म्हणजे प्राथमिक शाळा संपतानाची देशभराची परीक्षा, आहेच, आणि सगळ्यांचं लक्ष तिथे. २०२३ च्या घरखर्चाच्या सरकारी पाहणीत तिथल्या कुटुंबांनी वर्षभरात ट्यूशनवर १.८ अब्ज सिंगापूर डॉलर खर्च केल्याचं आलं होतं. तर परीक्षा गेली आणि भीती राहिली असं झालंय, आणि ती भीती खाली खाली सरकत आता के-टूपर्यंत आलीय. तुझ्या त्या आईला पी-वनला परीक्षा नाही हे माहीत असेलच, तू तेच सांगून तिचं समाधान होणार नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं, तिला पद्धत समजावायला जाऊ नकोस, तिला तिचा मुलगा दाखव.

म्हणजे कसं ते सांगते. माझ्या वर्गात हॉकर सेंटरचा, म्हणजे तिथल्या खाण्याच्या स्टॉल्सचा, खेळ मांडला होता, एक मुलगी ऑर्डर घ्यायची, तिने पॅडवर लिहिलं एन, यू, डी, एल आणि पुढे दोनचा आकडा. दोन नूडल्स. मी फोटो काढून तिच्या आईला पाठवला, आईचं लगेच उत्तर, स्पेलिंग चुकलंय टीचर. आधी मी अशा वेळी खट्टू व्हायचे. त्या दिवशी मी लिहिलं, बघा, शब्दात जे चार आवाज ऐकू येतात ते चारही तिने ओळीने पकडलेत, एकही सुटला नाही, कुणी सांगितलेलं नव्हतं, शेवटचा ई आणि यूच्या जागी दोन ओ वाचनातून येतील. दोन महिन्यांनी तीच मुलगी तोच शब्द बरोबर लिहायला लागली, मी दोन्ही कागद तारखा टाकून शेजारी ठेवले आणि आईला गेटवर दाखवले. ती त्या पहिल्या कागदाकडेच जास्त वेळ बघत होती.

आणि हे मनाचं नाही सांगत. शिक्षण मंत्रालयाच्या नर्चरिंग अर्ली लर्नर्स आराखड्यात बालवाडीच्या भाषेच्या उद्दिष्टांमध्येच चित्रं, खुणा आणि मुलांनी स्वतः बनवलेलं स्पेलिंग याला लेखन मानलंय. ‘पर्पजफुल प्ले’ हा शब्दही तिथलाच. त्या पानाचा प्रिंट फाइलमध्ये ठेव, पण मुलाचं काम आधी आणि आराखडा नंतर, आणि तोही तिने विचारला तरच.

तर या आठवड्यात तिला प्रत्यक्ष भेट. मेसेजवर हे होणार नाही. आल्याआल्या तक्रारीचा विषय काढू नकोस, तिला विचार, पी-वनबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? आणि मग गप्प बस. खरंच गप्प बस, तिथेच आपण चुकतो, लगेच उत्तर द्यायला लागतो. ती कदाचित म्हणेल माझं स्वतःचं इंग्लिश कच्चं आहे, किंवा सासूबाई बोलतात, किंवा बहिणीचा मुलगा पुढे गेला. जे येईल ते येऊ दे. मग मुलाचे दोन कागद दाखव, एक जुना एक आत्ताचा, मावसभावाशी तुलना नको, त्याची त्याच्याशीच. आणि मग तो फाटलेला कागद पण दाखव. रागाने नाही, तक्रार म्हणून तर अजिबात नाही. एवढंच म्हण की त्याला चुकायची भीती वाटायला लागलीय आणि मला त्यात तुमची मदत हवी. मी आजवर एकही आई पाहिली नाही जी हे ऐकून हलली नाही.

वर्गात लगेच करण्यासारखं म्हणजे टेबलावरचे सगळे खोडरबर उचलून ठेव, सगळ्यांचेच, फक्त त्याचा नको. नियम असा कर की चुकलं तर एक रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं. तू स्वतः बोर्डावर लिहिताना मुद्दाम दोनदा रेघ मारून दाखव. बोटांचं म्हणशील तर क्ले, कपड्यांचे चिमटे, चिमट्याने मणी उचलणं हे रोज दहा मिनिटं, आणि हे घरीही करायला सांग म्हणजे आईला काहीतरी ‘करतोय’ असं वाटेल, तीही गरज खरी आहे. घरी झोपताना दहा मिनिटं पुस्तक, तिचं इंग्लिश कच्चं असेल तर मँडरिनमध्ये वाचू दे, काही बिघडत नाही, गोष्ट ऐकायची सवय कुठल्याही भाषेत लागते.

वर्कशीटबद्दल माझं मत थोडं कडक आहे. वाद मिटवायला म्हणून देऊ नकोस. एकदा तसं दिलंस की पुढच्या आठवड्यात चार मागतील, आणि त्यांचंही चूक नाही, तूच कबूल केलंस ना की शिकणं म्हणजे कागद. त्याऐवजी दर शुक्रवारी प्रत्येक मुलाचं एक खरं काम घरी पाठव, खाली तुझ्या हाताने दोन ओळी, हे करताना त्याने काय केलं. पंचवीस मुलं असतील तर रोज पाच-पाच कर, एका दिवशी होणार नाही. प्रिन्सिपलला आधी सांग, तिला वाद नकोय, तिला बॅगेत काहीतरी जायला हवंय, ते जातंय की. आणि आजीला पण बॅगेत काहीतरी मिळेल. आजीकडे दुर्लक्ष करू नकोस हं, घरी रात्री जेवताना ‘टीचर काही शिकवत नाही’ हे वाक्य पहिल्यांदा तिथूनच येतं. तिला रोज एक वाक्य तोंडी सांग. इंग्लिश येत नसेल तर वर्गातल्या मँडरिनच्या लाओशींना, म्हणजे टीचरना, गेटवर सोबत उभं करून सांग.

रात्री साडेदहाचे मेसेज. सप्टेंबर २०२४ मध्ये शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की शिक्षकांनी स्वतःचा फोन नंबर पालकांना द्यायची गरज नाही, आणि तातडीचं काही नसेल तर कामाच्या वेळेनंतर उत्तराची अपेक्षाही नाही. ते मंत्रालयाच्या शाळांसाठी आहे, तुझं सेंटर त्यात येत नसेल, तरी प्रिन्सिपलपुढे ठेवायला ते फार चांगलं उदाहरण आहे. नियम सेंटरने सगळ्या पालकांना एकदम कळवायचा, तू एकटीने त्या आईला नाही, नाहीतर तिला वाटेल आपल्यालाच दार लावलं. आणि मग सकाळी आठला मात्र उत्तर नक्की द्यायचं, न चुकता. उत्तर कधी येणार हे माहीत असलं की माणूस थांबतो.

राहिलं तुझं परकेपण. थोडं असेल, नाही म्हणणार नाही. पण तिथली वाढलेली टीचर असती तरी ही आई तिला रात्री साडेदहालाच मेसेज करणार होती. तुझ्याकडे उलट एक गोष्ट जास्त आहे, तू त्या शर्यतीत लहानपणी पळालेली नाहीस, त्यामुळे तुला त्या मुलाचा हात दिसला. पुढच्या महिन्यात मला कळव, तो रेघ मारायला लागला का.

प्रश्न : ताई, मी जुराँग वेस्टला नर्सरी टूला शिकवते. एका बाबांनी प्रिन्सिपलला विचारलं की फोनिक्ससाठी, म्हणजे अक्षरांचे आवाज शिकवायला, दुसऱ्या टीचर नाहीत का, इंडियन ॲक्सेंटमुळे मुलीचा गोंधळ होतो. मला इतकं लागलं की दोन दिवस नीट झोपले नाही. इंग्लिश मीडियममध्ये शिकलेय मी, माझं इंग्लिश त्यांच्यापेक्षा चांगलं आहे. काय उत्तर देऊ? (जुराँग वेस्ट)

उत्तर : लागणारच गं, आवाज म्हणजे आपणच ना. आणि नुसता रंग-नाव बघून असं म्हणणारे पालकही भेटतात, ते तसं असेल तर उत्तर तुझ्या प्रिन्सिपलने द्यायचं, तू नाही. पण राग जरा शांत झाला की एक गोष्ट तपासून बघ असं मी कळकळीने सांगेन, कारण मला स्वतःला ती सहा वर्षं कुणी सांगितलीच नव्हती.

तोंडासमोर तळहात धर आणि इंग्लिशमधला ‘पिन’ म्हण. हाताला हवा लागली का? आपण मराठी माणसं तो ‘प’ आपल्या पाटीतल्या ‘प’सारखा म्हणतो, कोरडा, हवा न सोडता. इंग्लिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा पी, टी, के हवा सोडून येतो, जवळजवळ आपल्या फ-ठ-ख कडे झुकलेला, जुना ओठ मिटून म्हटलेला फ बरं का. आता मँडरिन बोलणाऱ्या घरातल्या मुलाचा विचार कर. त्यांच्या भाषेत ‘ब’ आणि ‘प’ मधला फरकच मुळी त्या हवेचा आहे, हवा असली तर प, नसली तर ब. म्हणजे तू ‘पिन’ म्हणतेस आणि चार वर्षांच्या मुलीला ‘बिन’ ऐकू येतं, तिने बी कार्ड उचललं तर तिचं काही चुकलेलं नाही. असंच व्हीचं आणि डब्ल्यूचं, आपल्याला दोन्हीला एकच ‘व’. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, डब्ल्यूला ओठांचा गोल, दात लागायचेच नाहीत. थम्ब मधला टीएच सुद्धा आपला ‘थ’ नाही, जिभेचं टोक दातांत येतं आणि हवा घासत जाते.

हे ॲक्सेंट बदलणं नाही. गोष्ट सांगताना, गप्पा मारताना तू तुझ्यासारखीच बोल, मुलं वेगवेगळे आवाज सहज समजून घेतात, सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांची तर सवयच आहे त्यांना. फक्त फोनिक्सच्या त्या वीस मिनिटांत तुझा आवाज हाच धडा असतो, म्हणून तेवढ्यापुरते हे सहा-सात आवाज नेमके हवेत. छोटा आरसा घेऊन रोज दहा मिनिटं, मला सव्वा महिना लागला. मुलांनाही आवडतं, माझ्या वर्गात आम्ही तोंडासमोर टिश्यू पेपर धरून ‘पी’ म्हणायचो, कागद हलला की सगळी ओरडायची.

मग त्या बाबांना वर्गात बोलाव. खरंच, एक फोनिक्सचा तास बघायला बोलाव, टिश्यू पेपरवाला. तू न चिडता बोलावलंस यातच बरंच काम होईल.

प्रश्न : आमच्या सेंटरमध्ये एका मुलीच्या दंडावर ओरखडा आला. वडील आता रोज मला थेट मेसेज करून सीसीटीव्ही फुटेज मागतात. मी माझ्या मोबाइलवर पाच मिनिटांची क्लिप रेकॉर्ड करून पाठवली तर विषय संपेल का? (वुडलँड्स)

उत्तर : नाही, कृपा करून हे करू नकोस, आज तर नाहीच. १ जुलै २०२४ पासून तिथे सगळ्या प्रीस्कूलमध्ये कॅमेरे सक्तीचे झालेत हे खरं, पण म्हणून फुटेज टीचरच्या हातात येत नाही. त्या क्लिपमध्ये दुसऱ्यांचीही मुलं असणार, ती एकदा फोनवर गेली की कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही. वडिलांना एकच ओळ लिही, तुमचं म्हणणं मी सुपरवायझरना आजच दिलंय आणि त्या तुम्हाला फोन करतील, आणि खरंच तासाभरात दे, लेखी. बघायचं की नाही, कुणी, कुठे बसून, ते सेंटर ठरवेल.

तू तुझ्या बाजूने एक कर. ओरखडा किती वाजता दिसला, कुठल्या दंडावर, केवढा, ती तेव्हा काय खेळत होती, तू काय लावलंस, सगळं त्याच दिवशी इन्सिडंट फॉर्मवर लिहिलं होतंस का? लिहिलं नसेल तर आता आठवतंय तेवढं लिही, आजची तारीख घालूनच, मागची तारीख टाकू नकोस. आणि यापुढे काहीही खरचटलं तर पालकांना घरी जाऊन आंघोळीच्या वेळी कळायच्या आत तू फोन केलेला असू दे. दिवसभर कामावर असलेल्या बापाला लेकीच्या दंडावरचा ओरखडा रात्री दिसला आणि कुणीच काही बोललेलं नाही, तर तो फुटेजच मागणार. संध्याकाळी गेटवर त्याला भेटलीस तर फॉर्म हातात घेऊनच भेट आणि आधी सॉरी म्हण, फोन उशिरा झाला म्हणून.